हात मोकळे, डोकं एंगेज

पुण्यात जुनी चारचाकी घेतली की नाना पेठेची एक वारी नशिबी असतेच. सीट कव्हरं, मॅट, हॉर्न आणि 'टेप'. हो, बरीच मंडळी अजूनही टेपच म्हणतात, कॅसेट जाऊन जमाना झाला तरी. माझी वॅगन आर २०१२ ची, सेकंड हँड. तिच्यातल्या टेपवर सीडी चालायची, एक ऑक्सची पिन चालायची आणि बाकी काही चालायचं नाही. रोजचा प्रवास आंबेगाव ते हिंजवडी. म्हणजे नवले पूल, वारजे, चांदणी चौक, बावधन, बाणेर, वाकड अशी सगळी देवस्थानं करत जायला सव्वा तास आणि यायला दीड. एवढ्या वेळात फोन वाजणारच. तेव्हा ठरवलं की गाडीत ब्लूटूथ बसवायचं आणि नीट बसवायचं. इंजिनिअरिंगची डिग्री काही नुसती पॅकेजसाठी घेतलेली नाही.

स्वस्तातला उपाय म्हणजे लायटरच्या सॉकेटमध्ये खुपसायचं ते एफएम ट्रान्समीटरचं बोंडुक. फोन त्याला जोडायचा, ते एका रिकाम्या एफएम फ्रिक्वेन्सीवर प्रसारण करतं आणि टेपचा रेडिओ ते पकडतो. गाण्यांना ठीक आहे. पण पुण्यात रिकामी फ्रिक्वेन्सी मिळणं हे डेक्कनला पार्किंग मिळण्यासारखं आहे. मिळते, पण टिकत नाही. शिवाय त्याचा माईक त्या बोंडकातच, म्हणजे गिअरपाशी, आपल्या तोंडापासून हातभर लांब. आपण बोलतो समोर बघून आणि तो ऐकतो गुडघ्याजवळून. सोडून दिलं.

मग ब्लूटूथवाला साधा सिंगल डिन घेतला, बाहेरचा माईक लागणारा. इथे एक फुकटचा सल्ला: टचस्क्रीनच्या मोहात पडण्याआधी माईकचं विचारा. दुकानदार स्क्रीन किती इंची, रॅम किती, त्यावर सिनेमा कसा दिसतो हे सगळं दाखवतात. (गाडी चालवताना सिनेमा कोणी बघायचा हे मात्र सांगत नाहीत.) माईक वेगळा वायरचा आहे की पॅनेलच्या टिकलीएवढ्या भोकात आहे, हे आपल्यालाच विचारावं लागतं. आणि फोनवर बोलायचं असेल तर माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

बसवण्याचं काम अर्ध्या तासाचं. गाडीचा मूळ कपलर आणि नव्या स्टिरिओचा कपलर यांच्यामध्ये एक तयार वायरचा गुच्छ मिळतो, तो घ्यायचा. 'साहेब, कट करून जोडून देतो, काय होत नाही' याला नको म्हणायचं. पिवळी वायर कायम बॅटरीची, लाल चावीबरोबर चालू होणारी, काळी अर्थिंगची. पिवळीलाही चावीवरच टाकलं तर गाडी बंद केली की स्टिरिओ स्टेशनं, घड्याळ, सगळं विसरतो आणि आपण रोज सकाळी त्याला नव्याने ओळख करून देतो. आपल्या ऑफिसातली अ‍ॅक्सेस कार्डं जशी सोमवारी वागतात तसं.

खरा घोळ माईकचा. कारागिराने माईक स्टीअरिंगच्या मागे, मीटरच्या कडेला चिकटवला, कारण वायर तिथपर्यंत सहज पोचत होती. आईला फोन लावला. मला तिचं सगळं लख्ख ऐकू येत होतं. ती मात्र म्हणाली, ''अरे, माझंच बोलणं मला परत ऐकू येतंय. विहिरीत उतरलास का?''

हे समजून घेण्यासारखं आहे, कारण इथे फोनचा एक स्वभाव दिसतो. आईचा आवाज दारातल्या स्पीकरमधून बाहेर पडतो, काचांवर आपटतो, फिरून माईकमध्ये शिरतो आणि तिच्याकडे परत जातो. म्हणजे घोळ माझ्या गाडीतला, पण त्रास तिला. मला काहीच कळत नाही. हे टाळायला स्टिरिओमध्ये प्रतिध्वनी खोडणारं गणित असतं. आपण स्पीकरला काय पाठवलं हे यंत्राला माहीत असतं, त्यावरून 'माईकमध्ये हे कसं दिसेल' याचा अंदाज बांधायचा आणि तेवढं वजा करायचं. कल्पना साधी आणि सुंदर. पण स्पीकर भसाभसा वाजवला की आवाज फाटतो, फाटलेल्या आवाजाचा अंदाज बांधता येत नाही, आणि उरलेला प्रतिध्वनी आईच्या कानात. म्हणून पहिला इलाज फुकटचा: कॉलचा व्हॉल्यूम कमी करा. माझ्याकडे २८ वरून १६ वर आणल्यावर विहीर बरीच भरून आली.

दुसरा इलाज, माईक हलवा. पुढच्या काचेच्या कडेच्या खांबावर, ड्रायव्हरच्या बाजूला, तोंडाच्या उंचीला. एसीच्या झोतापासून लांब, नाहीतर पलीकडच्याला पावसाळ्यातला माळशेज घाट ऐकू येतो. खांबाचं प्लास्टिक पुढून हलकेच उचकटून वायर आत दाबता येते. ज्या गाड्यांत त्या खांबात पडद्यासारखी एअरबॅग असते तिथे मात्र हा उद्योग स्वतः करू नये, आणि कारागिरालाही आधी विचारावं. माझ्या गाडीत एअरबॅग शोधायला दुर्बीण लागते, त्यामुळे तो प्रश्न नव्हता.

आता जरा माझ्या आवडीचं. फोन वाजल्यावर स्टिरिओ आणि मोबाइल एकमेकांशी काय बोलत असतील? मला वाटायचं काहीतरी भारी आधुनिक असेल. शोधलं तर निघाली मोडेमची भाषा! १९८१ मध्ये अमेरिकेत हेज कंपनीने स्मार्टमोडेम काढला, त्याला हुकूम द्यायला 'एटी'ने सुरू होणारी वाक्यं ठरवली. एटी म्हणजे अटेन्शन, सावधान. डायलअपच्या काळात ज्यांच्या घरी कर्रर्र-टुंग-टुंग करून इंटरनेट लागायचं, त्यांच्या मोडेमला कॉम्प्युटर याच भाषेत नंबर लावायला सांगत असे. ब्लूटूथच्या हँड्स-फ्री प्रोफाइलने तीच भाषा उचलली. फोन आला की मोबाइल स्टिरिओला कळवतो 'रिंग'. आपण हिरवं बटण दाबलं की स्टिरिओ म्हणतो 'एटीए', म्हणजे उचल. लाल दाबलं की 'एटी प्लस सीएचयूपी', ठेव. वारजे पुलाखाली हिरवं बटण दाबताना आपण चाळीसेक वर्षांपूर्वीच्या मोडेमची आज्ञा देत असतो. चालतंय ना, मग हात लावू नका, हे तत्त्व फक्त आमच्याच प्रोजेक्टमध्ये आहे असं मला उगीच वाटायचं.

आवाजाचंही असंच. गाणं चालू असताना फोन आला की सगळं एकदम डबड्यात बोलल्यासारखं होतं, ते का? गाण्यासाठी ब्लूटूथची वेगळी रुंद वाट आहे. बोलण्याची वाट वेगळी, अरुंद. जुन्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतात, त्यामुळे ४,००० हर्ट्झच्या वरचं काही त्यातून जाऊच शकत नाही. २०११ मध्ये प्रोफाइलच्या १.६ आवृत्तीत रुंद आवाजाची सोय आली, सेकंदाला १६,००० नमुने. पण ती फोन आणि स्टिरिओ दोघांत हवी. २०१६ मध्ये जिओ आल्यापासून आपल्याकडे फोरजीवरून साफ आवाजाचे कॉल रुळले. म्हणजे कराडहून आवाज माझ्या मोबाइलपर्यंत छान रुंद येतो आणि शेवटच्या हातभर अंतरावर, जुन्या स्टिरिओत शिरताना, अरुंद होतो. 'स' आणि 'फ' या अक्षरांची ओळखच त्या वरच्या फ्रिक्वेन्सींमध्ये असते. आई म्हणते 'आज सार केलंय', मला ऐकू येतं 'आज फार केलंय'. आता यात काय फार केलंय हे विचारायला पुन्हा डोकं लावा. हे 'पुन्हा डोकं लावा' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

संपर्क यादीचं थोडक्यात. स्टिरिओ फोनमधली नावं ओढून घेतो, पण माझ्या स्टिरिओला देवनागरी येत नाही. 'आई' हे नाव दोन चौकोन म्हणून दिसतं, 'बाबा' पण चौकोनच. शेवटी रोमन लिपीत लिहून मोकळा झालो. आईला सांगितलं नाही.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. हँड्स-फ्री म्हणजे गाडीतल्या सगळ्यांसाठी फोन. एका मित्राच्या गाडीतून चौघं ऑफिसला जायचो. एके दिवशी त्याने सवयीने हिरवं बटण दाबलं आणि चारही दारांतून एका गोड आवाजात विचारणा झाली, ''आपण आमची ऑफर स्वीकारताय ना?'' मागच्या सीटवर त्याचाच टीम लीड. बावधनपासून वाकडपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. तेव्हापासून फोन उचलला की आमचं पहिलं वाक्य ठरलेलं आहे: ''गाडीत आहे, स्पीकरवर आहे, सोबत लोक आहेत.'' हे वाक्य पाठ करा. अब्रू वाचते.

तर स्टिरिओ बसला, माईक बसला, आवाज बसला. मग जे झालं ते वायरिंगच्या पलीकडचं होतं.

आधी गाडीत फोन वाजला की वाजू द्यायचो. पोचलो की परत लावायचो आणि 'ड्राइव्ह करत होतो' म्हटलं की विषय संपायचा. कोणी वाद घालत नसे. ब्लूटूथ आल्याचं ऑफिसात कळलं आणि (मीच कौतुकाने सांगितलं, सांगणारच ना) आठवड्याभरात सकाळी साडेनऊचा कॉल माझ्या कॅलेंडरमध्ये आला. मॅनेजर भला माणूस आहे. म्हणाला, ''तू तसाही गाडीत बसलेलाच असतोस, गाडीतून जॉइन हो ना.'' बसलेलाच असतोस! लोक सव्वा तास गाडी 'चालवत' असतात हे त्याच्या वाक्यातून अलगद गळून पडलं होतं. आणि गंमत म्हणजे त्याच्या बाजूने ते बरोबरच होतं. त्याला माझा आवाज स्वच्छ येत होता, माईक इतका छान बसवला होता की रस्ताच ऐकू येत नव्हता. म्हणजे मी तीन शनिवार घालवून रस्ता खोडण्याचं काम चोख केलं होतं.

कॉल गाडीतून करायला लागल्यावर पुढच्या सीटवरून ज्याने ते पाहिलं ती माझी बायको. ती बाणेरला उतरते. तिने एकदाच सांगितलं, ''तू बोलत असलास की आरशात बघत नाहीस. समोर बघतोस, पण बघत नाहीस.'' तपासायला म्हणून वाचायला घेतलं तर यावर बरंच काम झालेलं आहे. १९९७ मध्ये टोरंटोच्या रेडेलमायर आणि टिबशिरानी यांनी अपघात झालेल्या ६९९ चालकांची फोनची बिलं तपासली. फोनवर बोलत असताना धडकेचा धोका सुमारे चौपट निघाला, आणि हँड्स-फ्रीवाल्यांना हातात धरणाऱ्यांपेक्षा काही सूट मिळालेली दिसली नाही. पुढे अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेअर आणि सहकाऱ्यांनी सिम्युलेटरवर प्रयोग केले. हँड्स-फ्रीवर बोलणाऱ्यांचे डोळे कुठे आहेत हे यंत्राने मोजलं. डोळे रस्त्याकडच्या फलकावर होते, पण नंतर विचारलं तर तो फलक पाहिल्याचं बऱ्याच जणांच्या गावीही नव्हतं. बायकोचं वाक्य, फक्त आलेखांसकट.

पण मला सगळ्यात पटला तो २००८ चा प्रयोग. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणं आणि फोनवर बोलणं यांची तुलना. शेजाऱ्याशी बोलणारे चालक बरेच नीट चालवत होते, ठरलेल्या वळणावर बाहेर पडत होते. फोनवाल्यांतले पुष्कळ जण ते वळण चुकले. कारण अगदी घरगुती आहे. शेजारच्याला रस्ता दिसतो. ट्रक आडवा आला की तो वाक्य अर्धवट सोडतो, 'अरे डावीकडे बघ' म्हणतो, निदान ओरडतो तरी. फोनवरच्याला यातलं काही दिसत नाही. तो बरोबर त्याच क्षणाला विचारतो, ''मग डिप्लॉयमेंट कधी करायची?'' आणि आपण, कारण शांत राहणं उद्धटपणा वाटतो, उत्तर द्यायला लागतो. त्यात 'सार' की 'फार' हे ओळखायचं कामही चालूच असतं.

आमच्या वाटेवरच बघा. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार सगळ्या पुण्याला माहीत आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका अवजड वाहनाने बऱ्याच गाड्या उडवल्या होत्या. त्याला फोन कारणीभूत होता असं मी म्हणत नाही. पण त्या उतारावर मागून काय येतंय हे आरशात बघत राहणं हे पूर्णवेळ काम आहे. ताशी ६० ने एका सेकंदात गाडी साधारण १७ मीटर जाते. 'डिप्लॉयमेंट गुरुवारी करू, पण आधी टेस्टिंगचं काय ते बघून घेऊ' हे वाक्य बोलायला चार सेकंद लागतात, म्हणजे सत्तर मीटरच्या आसपास.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने 'हातात धरलेलं' संपर्काचं साधन चालवताना वापरणं हे धोकादायक वाहन चालवण्यात धरलं आहे. पहिल्याच गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते वर्षभराची कैद, किंवा दोन्ही. २०२० मध्ये नियमांत भर पडली की रस्ता शोधण्यापुरतं असं साधन वापरता येईल, पण लक्ष विचलित होता कामा नये. म्हणजे कायद्याचं बोट हाताकडे आहे. साहजिक आहे, हवालदाराला हात दिसतो. डोकं कुठे आहे हे चौकातून कसं दिसणार? आणि हातात फोन धरण्यापेक्षा हे बरंच, याबद्दल मला शंका नाही. नंबर लावायला, मेसेज टाइप करायला खाली बघणं सगळ्यात वाईट, ते तरी सुटतं. तेवढ्यासाठी स्टिरिओचे पैसे वसूल आहेत.

फोनवाल्या कंपन्यांचं गणितही याच हातावर उभं आहे. २०१७ मध्ये आयफोनमध्ये 'गाडी चालवताना त्रास देऊ नका' अशी सोय आली. मेसेज अडवायची, समोरच्याला आपोआप उत्तर पाठवायची. पण फोन गाडीच्या ब्लूटूथला जोडलेला असेल तर कॉल मात्र वाजू द्यायची! म्हणजे जितकी सोय चांगली तितका फोन बिनधास्त आत.

या सगळ्यात मला आठवतात आमचे कराडचे मामा. तीस वर्षं एसटी चालवून रिटायर झाले. लहानपणी त्यांच्या गाडीत बसलो की ड्रायव्हरच्या केबिनपाशी रंगवलेलं 'चालकाशी बोलू नये' वाचायचो आणि वाटायचं, आपला मामा किती मोठा माणूस, त्याच्याशी बोलायलाही बंदी. परवा त्यांना कौतुकाने गाडीतून फोन लावला, म्हटलं आवाज कसा येतोय सांगा.

''येतोय चांगला. कुठं हाईस?''

''गाडीत, मामा. ब्लूटूथ बसवलंय. हात स्टीअरिंगवरच आहेत.''

''चालवतोयस?''

''हो.''

''मग ठेव. उतरल्यावर लाव.''

आणि ठेवलाच. मी नंतर त्यांना युटाचा प्रयोग सांगितला. शेजारच्याला रस्ता दिसतो, फोनवरच्याला दिसत नाही वगैरे. ते म्हणाले, ''शेजारच्याला पण काय दिसत न्हाई. म्हणून तर बोर्ड लावत्यात.'' या मुद्द्यावर मामांचं युटा विद्यापीठाशी जमत नाही, आणि मामांनी कात्रजचा जुना घाट हजारदा तरी चढला-उतरला असेल, त्यामुळे मी वादात पडलो नाही.

मी काय केलं ते सांगतो. कॉल आपोआप उचलायचं सेटिंग बंद. कॅलेंडरमध्ये ९ ते सव्वादहा 'ड्रायव्हिंग' असा ठोकळा टाकला, चक्क लाल रंगाचा. मॅनेजरला विचारलं की कॉल साडेदहाला घेऊ या का. तो म्हणाला, ''पण तुझ्याकडे ब्लूटूथ आहे ना?'' म्हटलं, ''आहे, आणि रस्त्यावर दुसरे लोकही आहेत.'' दोन दिवस जरा तिरकं चाललं, मग टीममधल्या आणखी तिघांनी हळूच सांगितलं की आम्हीही गाडीतूनच जॉइन होतो. एक तर टू-व्हीलरवरून होत होता, हेल्मेटमध्ये इअरफोन घालून. हे ऐकल्यावर मॅनेजरच गप्प झाला. कॉल आता साडेदहाला असतो.

फोनमध्ये गाडीच्या वेळेपुरती चार नंबरांची यादी ठेवली आहे: आई, बाबा, बायको, आणि बायकोच्या ऑफिसचा नंबर. त्यांचेच वाजतात. उचलला की काम तीस सेकंदांत संपवायचं, नाहीतर 'थांब, बाजूला घेतो' म्हणून पेट्रोल पंपावर घ्यायची. बाजूला घेऊन बोललं की आवाजही बरा येतो, कारण टायरचा गोंगाट नसतो. आईचं 'सार' मात्र थांबलेल्या गाडीतही 'फार'च ऐकू येतं. त्याला नवाच स्टिरिओ घ्यावा लागेल. मामांचा नंबर यादीत टाकलेला नाही. त्यांना माझी ऑफिसची वेळ माहीत झाली आहे, त्या वेळात ते लावतच नाहीत.